संचालन प्रणालीची निवड : अनुभव आणि त्याची चिकित्सा

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• संचालन प्रणालीचे कार्य सोप्या शब्दांत सांगता येईल.
• विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन पर्यायांमधील मुख्य फरक स्पष्ट करता येतील.
• मराठी मजकुराबाबत आलेल्या अडचणीचे कारण प्रणालीत आहे, फॉन्टमध्ये आहे की आपल्या सवयीत आहे, हे तपासता येईल.
• स्वतःच्या कामाच्या आधारे योग्य प्रणाली निवडून त्या निवडीचे समर्थन करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण मराठी टंकलेखनाच्या पद्धतींची ओळख करून घेतली. ते शिकल्यानंतर अभ्यासकेंद्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो : “संगणक घ्यायचा आहे, त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी?” हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत असतात. त्यांना एकच संगणक घ्यायचा असतो आणि तो पुढची सात-आठ वर्षे वापरायचा असतो. निवड चुकली, तर बदलण्याइतका पैसा हाताशी नसतो.

अशा वेळी आपण अनुभवी माणसाकडे जातो आणि तो आपला अनुभव सांगतो. अनुभवाइतका प्रामाणिक आधार दुसरा नाही, असे आपल्याला वाटते. या घटकात आपल्याला या समजुतीचीच तपासणी करायची आहे. अनुभव खरा असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असू शकतो. असा चुकीचा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाने स्वतः काढला होता आणि त्याची किंमत दुसऱ्या व्यक्तीला मोजावी लागली होती. तो प्रसंग पुढे ओघात येईल.

५.२ संचालन प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि त्यावर आपण वापरत असलेली सॉफ्टवेअर, या दोहोंमध्ये राहून काम करणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरला संचालन प्रणाली म्हणतात. कळफलकावरील कळ दाबली गेली हे ओळखणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, मजकूर तबकडीवर साठवणे, छपाईयंत्राला आज्ञा देणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना स्मृतीतील जागा वाटून देणे, ही सारी व्यवस्था ती पाहते. लग्नघरातील कारभारी जसा पंगतीत बसत नाही, पण पंगत त्याच्यामुळेच उठते, तसे हिचे आहे. सारे सुरळीत असेपर्यंत तिची आठवणही होत नाही. काही अडले की मात्र सारा दोष तिच्या माथी येतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढील विवेचनात तो महत्त्वाचा ठरणार आहे.

५.३ तीन प्रमुख पर्याय

(अ) विंडोज : मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. आपल्याकडील दुकानांत मिळणाऱ्या बहुसंख्य संगणकांवर हीच प्रणाली असते आणि तिचे मूल्य बहुधा संगणकाच्या किमतीतच धरलेले असते. मराठी छपाई व्यवसायातील अनेक जुने फॉन्टसंच आणि कार्यालयांतील अनेक विशेष सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनवलेली आहेत. त्यामुळे अशा व्यवसायांत असलेल्यांना ही प्रणाली सोयीची ठरते. मात्र नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालेलच असे नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक चालू स्थितीतील संगणकांच्या मालकांपुढे निवडीचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

(आ) मॅकओएस : ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक १९८४ मध्ये आला. आजच्या मॅकओएसचा पाया २००१ मधील मॅक ओएस टेन या प्रणालीत आहे. ही प्रणाली त्याच कंपनीच्या संगणकांसाठी असते. यंत्र आणि प्रणाली यांची घडण एकाच ठिकाणी होत असल्यामुळे त्यांचा मेळ चांगला बसतो. नव्या आवृत्तीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. परंतु मूळ यंत्रच महाग असते. ध्वनिचित्र-संपादन, मांडणी, सजावट अशा क्षेत्रांत तिचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो.

(इ) लिनक्स : हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची लिनक्स प्रणाली आकाराला आली. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही तिची काही प्रसिद्ध रूपे. भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ हे रूप विकसित केले आहे. ही सारी रूपे विनामूल्य मिळतात. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि तिला किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. लिनक्सची काही हलकी रूपे जुन्या यंत्रांवरही चालतात. मात्र विंडोजसाठी बनलेली सॉफ्टवेअर तिच्यावर थेट चालत नाहीत, हे विसरू नये. ‘लिनक्स म्हणजे तज्ज्ञांचे काम’ असा एक समज आहे. आपल्यापैकी अनेकांच्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, एवढे सांगितले तरी या समजाचा पुनर्विचार करता येईल.

५.४ एक अनुभव आणि एक चुकीचा निष्कर्ष

प्रस्तुत लेखकाने २००२ च्या सुमारास काही गावांतील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून त्या वह्यांमध्ये उतरवल्या होत्या. पुढे त्या संगणकावर टंकित केल्या. त्या काळी प्रचलित असलेला एक मराठी फॉन्ट मी वापरला होता. एकशे ऐंशी पानांचा तो संग्रह सिद्ध झाल्यावर वह्यांची गरज उरली नाही असे मला वाटले. त्यांपैकी दोन वह्या मी एका अभ्यासकाला दिल्या. त्या परत आल्या नाहीत आणि मीही मागितल्या नाहीत.

काही वर्षांनी जुना संगणक बंद पडला. एका मित्राने नव्या यंत्रावर लिनक्स बसवून दिले. मी ओव्यांची फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अनोळखी चिन्हे यांची रांगच रांग. मी त्याच दिवशी निष्कर्ष काढला : लिनक्सला मराठी येत नाही. पुढे मी पुन्हा विंडोज घेतले, तो जुना फॉन्ट त्यावर बसवला, फाइल नीट दिसू लागली आणि माझा निष्कर्ष पक्का झाला. अभ्यासकेंद्रात समंत्रक म्हणून काम करताना विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हा अनुभव सांगत असे. त्यात खोटे काहीच नव्हते.

माझे ऐकणाऱ्यांमध्ये अंगणवाडीत काम करणाऱ्या एक विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या भाच्याने त्यांना लिनक्स असलेला जुना संगणक दिला होता आणि त्यावर त्या स्वाध्याय लिहीत होत्या. माझ्या सांगण्यावरून त्यांनी मानधनातून काही महिने पैसे बाजूला काढले, संगणकाची स्मृती वाढवून घेतली आणि विंडोजचा परवाना विकत घेतला. नंतर एके दिवशी लोकसाहित्याच्या तासासाठी मी ओव्यांची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन गेलो आणि त्यांच्याच संगणकावर उघडली. पडद्यावर पुन्हा तीच रोमन अक्षरे, तेच कंस, तीच चिन्हे. या वेळी प्रणाली विंडोज होती.

त्या काही वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, माझे पैसे गेले ते गेले. पण आता पुढच्याला सल्ला देण्याआधी त्याचं काम काय आहे, एवढं तरी विचारा.”

५.५ अनुभवाची चिकित्सा : दोष कोठे होता?

संगणक अक्षरे साठवत नाही. तो क्रमांक साठवतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर मानायचे, याचा करार म्हणजे संकेतन. जुन्या मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. म्हणजे फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षराचा क्रमांक असे आणि फॉन्ट त्या जागी ‘क’ किंवा ‘म’ यांचे चित्र दाखवी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडे. शिवाय वेगवेगळ्या फॉन्टसंचांची मांडणी वेगवेगळी असे. त्यामुळे एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे.

युनिकोड या आंतरराष्ट्रीय मानकाने ही स्थिती पालटली. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यात देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ स्वतंत्र जागा आहेत. ‘क’चा क्रमांक ०९१५ आहे आणि तो विंडोज, मॅकओएस, लिनक्स व अँड्रॉइड या सर्वांवर तोच राहतो. मराठीला आवश्यक असलेल्या ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. युनिकोडमधील मजकूर कोणत्याही देवनागरी युनिकोड फॉन्टमध्ये वाचता येतो. फॉन्ट बदलला तर फक्त अक्षराचे वळण बदलते.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. युनिकोडमधील साठवण उच्चारक्रमाने होते, तर जुन्या फॉन्टमध्ये ती दृश्यक्रमाने होत असे. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारात ती नंतर येते. ‘धर्म’ या शब्दातील रफार ‘म’च्या डोक्यावर दिसतो, पण त्यातील ‘र्’ आपण ‘म’च्या आधी उच्चारतो. त्यामुळे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना परिवर्तक सॉफ्टवेअरला चिन्हांचा क्रम बदलावा लागतो आणि अशाच जागी चुका होतात. ‘दऱ्या’ आणि ‘सूर्य’ या दोन शब्दांतील ‘र’ची रूपे एकमेकांच्या जागी जाण्याचा धोकाही असतो.

आता प्रसंगाकडे परत येऊ. माझ्या पहिल्या अनुभवात दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या : प्रणाली बदलली होती आणि जुना फॉन्टही नाहीसा झाला होता. मी बदलाचे श्रेय, किंवा खरे तर दूषण, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीला दिले. विंडोजवर परतलो तेव्हाही मी फॉन्ट पुन्हा बसवला होता. पण मला श्रेय मात्र विंडोजला द्यावेसे वाटले. अनुभवाने काय घडले ते सांगितले होते. ते का घडले, हे मी गृहीत धरले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली असती, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता आणि एका विद्यार्थिनीची बचत वाचली असती.

५.६ इतरांचे अनुभव कसे ऐकावेत?

‘विंडोज मंद चालते’, ‘मॅक वापरणारा परत मागे जात नाही’, ‘लिनक्सवर कधी विषाणूचा त्रास झाला नाही’, अशी विधाने आपल्या कानांवर पडतात. ती नाकारू नयेत, परंतु सांगणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

पहिला प्रश्न : आपण त्यावर काय काम करता? दिवसभर मांडणी व सजावट करणाऱ्याचा अनुभव स्वाध्याय आणि पत्रे लिहिणाऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न : यंत्र कोणते होते? दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावरील एक प्रणाली आणि नव्या संगणकावरील दुसरी प्रणाली यांची तुलना केली, तर ती प्रत्यक्षात यंत्रांची तुलना ठरते.

तिसरा प्रश्न : हे कधीचे? २००२ मध्ये मराठी टंकलेखनासाठी कराव्या लागणाऱ्या खटपटी आज तिन्ही प्रणालींवर कराव्या लागत नाहीत. माणूस आपला अनुभव वर्षानुवर्षे सांगत राहतो आणि दरम्यान प्रणाली पुढे गेलेली असते.

सवयीचा प्रश्नही येथेच येतो. परिचित गोष्ट सोपी वाटते आणि अपरिचित गोष्ट सदोष वाटते. पहिल्या आठवड्यातील चिडचिड ही बऱ्याचदा जुन्या सवयीची तक्रार असते. म्हणूनच एका प्रणालीवरून दुसरीवर नेता येईल अशी सवय लावून घेणे हिताचे. इन्स्क्रिप्ट कळफलक हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात ‘के’च्या कळीवर ‘क’, ‘एल’च्या कळीवर ‘त’, ‘एफ’च्या कळीवर ऱ्हस्व वेलांटी आणि ‘आर’च्या कळीवर दीर्घ वेलांटी असते. ‘के-एफ-एल-आर’ या क्रमाने कळा दाबल्या की ‘किती’ हा शब्द तिन्ही प्रणालींवर उमटतो. बोटांना लागलेली ही सवय संगणक बदलला तरी वाया जात नाही.

५.७ निवडीची रीत

१. कामांची नोंद करा. एक आठवडाभर आपण संगणकावर किंवा फोनवर प्रत्यक्षात काय करता, ते लिहून काढा. ‘करायला आवडेल’ अशी कामे वेगळी लिहा.

२. अपरिहार्य काम ओळखा. नोकरीतील एखादे सॉफ्टवेअर विशिष्ट प्रणालीवरच चालत असेल, तर तेथे निवड जवळपास संपते. मुद्रणालयात काम करणाऱ्याला आपल्या मालकाकडे असलेलाच फॉन्टसंच वापरावा लागेल.

३. हाती असलेले यंत्र तपासा. त्याची स्मृती, साठवण आणि वय यांची नोंद करा. जुना पण चालू संगणक टाकून देण्याआधी त्यावर लिनक्सचे हलके रूप चालते का, हे पाहावे.

४. सुरक्षा-दुरुस्त्या किती काळ मिळतील, ते विचारा. दुरुस्त्या बंद झालेली प्रणाली चालत राहते, पण नव्याने सापडलेल्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने तरी ही जोखीम पत्करू नये.

५. जवळ मदत कोणाची आहे, ते पाहा. हा निकष तांत्रिक पुस्तकांत क्वचित असतो. परंतु तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो अत्यंत महत्त्वाचा आहे. अडचणीच्या वेळी येणारा भाचा ज्या प्रणालीचा जाणकार, ती प्रणाली आपल्याला अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो.

६. विकत घेण्याआधी वापरून पाहा. लिनक्सची अनेक रूपे पेनड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातील मूळ प्रणालीला धक्का न लावता पाहता येतात. विंडोज किंवा मॅकओएससाठी परिचिताच्या संगणकावर तासभर बसण्याची परवानगी मागावी.

चाचणीसाठी पुढील वाक्य टंकित करावे : ‘दऱ्याखोऱ्यांतील सूर्यप्रकाशात ॲल्युमिनियमचे पत्रे तळपत होते आणि वाङ्मयाचा अभ्यासक कृतज्ञतेने जुनी पाने उलटत होता.’ या एका वाक्यात ‘ऱ्य’, रफार, ‘ॲ’, ‘ळ’, ‘ज्ञ’ आणि ‘ङ्म’ ही सारी रूपे आली आहेत. ते पडद्यावर नीट दिसते का, छापून नीट येते का, पीडीएफ केल्यावर टिकते का आणि दुसऱ्याच्या फोनवर पाठवल्यास वाचता येते का, हे पाहावे.

७. बदल करण्यापूर्वी सर्व मजकुराची प्रत दुसऱ्या साधनावर ठेवा आणि ती उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवू नये. मूळ हस्तलिखित वह्याही जपाव्यात.

५.८ समारोप

ओव्यांचा संग्रह पुढे मी युनिकोडमध्ये रूपांतरित केला. ज्या वह्या घरी होत्या, त्यांच्याशी ताडून बहुतेक चुका दुरुस्त झाल्या. उरलेल्या दोन वह्यांमधील काही ओळींत परिवर्तकाने ‘र’च्या रूपांचा असा गोंधळ केला होता की मूळ शब्द कोणता, हे ठरवता येईना. ज्यांना विचारावे त्या गायिका तोवर हयात नव्हत्या. त्या ओळींपुढे मी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. ही हानी कोणत्याही संचालन प्रणालीने केलेली नव्हती.

आज मी लिनक्स वापरतो. माझे काम मुख्यतः लेखन-वाचनाचे आहे, यंत्र जुने आहे आणि शेजारी जाणकार मित्र आहे. ही तीन कारणे आपल्याला लागू नसतील, तर माझी निवडही आपल्याला लागू नाही. त्या विद्यार्थिनी विंडोजच वापरतात. त्यांच्याकडे ती आता आहे, सवयीची झाली आहे आणि त्यांचे काम तिच्यावर होते. हेही कारण पुरेसे आहे. प्रणाली आज ना उद्या बदलावी लागेल. आपला मजकूर त्या बदलातून सुखरूप पार पडेल अशी तजवीज मात्र आजच करता येते.

५.९ सारांश

संचालन प्रणाली यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यामधील व्यवस्था पाहते. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स यांची बलस्थाने व मर्यादा वेगवेगळ्या आहेत. अनुभव हा निवडीचा उपयुक्त आधार असला, तरी त्यातून कारण आपोआप कळत नाही. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. इतरांचा अनुभव ऐकताना काम, यंत्र आणि काळ यांची चौकशी करावी. निवड स्वतःच्या कामावरून करावी आणि लेखन युनिकोडमध्येच ठेवावे.

५.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांत का दिसतो?
२. ‘किती’ आणि ‘धर्म’ या शब्दांच्या आधारे उच्चारक्रम व दृश्यक्रम यांतील फरक स्पष्ट करा.
३. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या निष्कर्षात कोणती तार्किक चूक होती, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील तीन संगणक-वापरकर्त्यांना भेटा. त्यांनी निवडलेली प्रणाली, त्यांचे काम, यंत्राचे वय आणि निवडीचे कारण यांची नोंद करा. त्यांपैकी कोणाचा अनुभव आपल्या गरजेला लागू पडतो आणि कोणाचा पडत नाही, याविषयी सुमारे ३०० शब्दांचे टिपण तयार करा. हे टिपण युनिकोडमध्ये टंकित करून दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावे आणि मगच अभ्यासकेंद्रात सादर करावे.